दातावर डिजिटल मापाची कॅप बसवताय? या चुका टाळा

दाताच्या मापासाठी तोंडात तो थंडगार लगदा भरून उमासे आवरत बसायचे दिवस बरेचसे गेले. आता पणजी, म्हापसा, मडगाव, फोंड्याकडच्या बऱ्याच दवाखान्यांत जाडसर पेनासारखा स्कॅनर दातांवरून फिरवतात आणि स्क्रीनवर तुमचाच जबडा फिरताना दिसतो, म्हणून लोक समजतात मशीनने माप घेतलं म्हणजे कॅप बरोब्बर बसणारच. तसं काही नाही हो. कॅमेऱ्याला जे दिसतं तेवढंच तो टिपतो. कॅपसाठी डॉक्टरांनी घासून बारीक केलेल्या दाताची कड हिरडीआड गेली असेल किंवा वर रक्त, लाळ असेल तर तिथलं माप खराब येतं, कॅपची कड नीट बसत नाही आणि आत कीड लागायची वाट मोकळी. म्हणून डॉक्टर हिरडीत बारीक दोरा सरकवून थोडं थांबायला सांगतात तेव्हा घड्याळाकडे बघू नका, आणि हिरडी सुजून रक्त येत असेल तर आधी क्लिनिंग, माप नंतर.

कॅपचा रंग मात्र डॉक्टर दात बारीक करायला घेतील त्याच्या आधीच ठरवून घ्या, तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात सुकून जास्त पांढरे दिसतात.

सगळ्यात जास्त गडबड होते ती चाव्याची. स्कॅन करताना "चावा" म्हटल्यावर काही जण जबडा पुढे काढतात किंवा एका बाजूला सरकवतात, मग कॅप उंच येते. ट्रायलला निळा कागद ठेवून टक टक चावायला लावतात तेव्हा नुसतं टक टक करून भागत नाही, डावी-उजवीकडे घासूनही बघा, आणि तोंड अजून बधिर असेल तर तसं सांगा कारण तेव्हा नीट कळत नाही. आपली माणसं संकोचाने "बरं आसा डॉक्टर" म्हणून उठतात. "होईल सवय" हे तर अजिबात नको, उंच कॅपने दाढ ठणकते, जबडा दुखतो. झिर्कोनियाची, म्हणजे पांढऱ्या टणक सिरॅमिकची कॅप घासून कमी केली तर नंतर पॉलिश केली ना तेही विचारा, खरखरीत राहिली तर समोरचा दात झिजवते.

कॅप पक्की चिकटवायच्या आधी बाजूला फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीत घालायचा दोरा, घालून बघायला सांगा. तो किंचित अडकून आत गेला पाहिजे, सरळ सुळकन गेला तर फट आहे, तिथे रोज जेवण अडकणार, आणि सिमेंट लागल्यावर ती कॅप बहुतेक कापूनच काढावी लागते.

पक्की येईपर्यंत तात्पुरती कॅप आहे तोवर चिकट दोदोल आणि जत्रेतलं कडक खाजं दुसऱ्या बाजूने खा, खरं तर नकोच. फ्लॉस वर ओढू नका, बाजूने काढा. ती निघाली तर "पुढच्या आठवड्यात जायचंच आहे" म्हणून तसंच राहू नका, दात सरकतात, हिरडी वर चढते आणि पक्की कॅप बसत नाही, परत स्कॅन.

बोटीवर नोकरीला जाणाऱ्यांचं वेगळंच. सुट्टी संपत आली की रूट कॅनल करून घेतात आणि कॅप पुढच्या सुट्टीत म्हणतात, पण पोखरलेली दाढ तेवढे महिने चावून चावून उभी तडकली तर बहुतेक वेळा काढावीच लागते. सुट्टीच्या सुरुवातीलाच दवाखाना गाठा, स्कॅनची फाईल आणि कॅप कशाची केली ते लिहून घ्या. आणि बोटीवर कॅप निघालीच तर धुवून डबीत ठेवा, फेविक्विक लावू नका, पुढच्या बंदरावर डेंटिस्ट मिळेल का ते विचारा.