खेळण्यातलं वाफेचं इंजिन: जुन्या ॲक्सेसरीज जपायच्या, चालवायला नव्या घडवायच्या

वाफेचं इंजिन नुसतं फिरलं की दहा मिनिटांत कंटाळा येतो. पट्टा लावून त्याच्यावर काहीतरी चाललं तर मजा. म्हणूनच जर्मन आणि इंग्रज कारखान्यांनी इंजिनासोबत घण, करवत, सहाण (धार लावायचं फिरतं चाक), पाण्याचा पंप, पवनचक्की, आकाशपाळणा, दिवा लावणारा डायनॅमो अशा कितीतरी ॲक्सेसरीज काढल्या. इंजिनं जड होती, टिकली. ॲक्सेसरीज पातळ पत्र्याच्या होत्या, बहुतेक तुटल्या नाहीतर गंजल्या. त्यामुळे आज चांगल्या स्थितीतली ॲक्सेसरी मिळणं इंजिन मिळण्यापेक्षा अवघड आहे.

एक नियम सुरुवातीलाच ठरवून टाका: दुर्मीळ मूळ वस्तू कपाटात राहील आणि चालवायला तिची प्रतिकृती असेल. शंभर वर्षं जुना लिथो छपाईचा (थेट पत्र्यावर रंगीत चित्र छापलेला) पत्रा गरम तेल आणि वाफेच्या थेंबांसमोर ठेवायचा नसतो. प्रतिकृती करायला ठाणे-नवी मुंबईइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे इथे लेथवाले, स्प्रिंगवाले, लेझर कटिंगवाले आहेत, आणि मस्जिद स्टेशनला उतरलं की नागदेवी स्ट्रीट आणि गुलालवाडी हे हार्डवेअर आणि धातूचे बाजार चालत गाठता येतात.

घेताना काय बघायचं

आधी शिक्का शोधा. बैठकीच्या कोपऱ्यात किंवा खालच्या बाजूला तो असतो. जीबीएन म्हणजे न्यूरेंबर्गचे गेब्रुडर बिंग. पहिल्या महायुद्धानंतर तीच कंपनी बीडब्ल्यू अशी खूण वापरू लागली. जीसी म्हणजे जॉर्ज कारेट, ईपी म्हणजे अर्न्स्ट प्लांक, एकमेकांत गुंफलेलं डीसी म्हणजे डॉल; हा कारखाना १९३८ मध्ये फ्लाइशमनकडे गेला. ‘यूएस झोन जर्मनी’ असं छापलेलं असेल तर वस्तू दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. माल बर्मिंगहॅमचा असेल तर बहुधा मॅमॉडचा. जेफ्री मॅलिन्स यांनी ती कंपनी १९३७ मध्ये सुरू केली. मॅमॉडचे सहाण, पॉलिशर, घण, प्रेस आणि लाइनशाफ्ट (अनेक पुल्या बसवलेला लांब फिरता दांडा) हे संग्रहाला सुरुवात करायला उत्तम आहेत, कारण ते पुष्कळ बनले आणि अजून निघतात. लुडेनशाइडची विलेस्को आजही ॲक्सेसरीज बनवते, त्यामुळे तिथले सुटे भाग मिळतात.

मग दहापट भिंग काढा. जुन्या लिथोमध्ये प्रत्येक रंगाचा वेगळा थर दिसतो. चार रंगांच्या ठिपक्यांची फुलं दिसली तर ती अलीकडची छपाई. स्क्रूही बघा. अधिक चिन्हाचा स्क्रू १९३०च्या दशकाच्या मध्यानंतर आला. पहिल्या महायुद्धाआधीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या घणावर तो असेल, तर कोणीतरी मध्ये हात घातलाय. किंमत त्या हिशोबाने पाडा.

ओतीव भागांवर बारीक भेगा, फुगवटा किंवा वाकलेपण दिसलं तर ती वस्तू घेऊ नका. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलेलं असेल तर धातू आतून कुजतो. रंग किंवा तेल लावून ते थांबत नाही. असा भाग फक्त माप घ्यायला उपयोगी, तोही अजून सरळ असेल तर.

चोरबाजारात मटन स्ट्रीटवर कधीतरी इंजिन दिसतं, ॲक्सेसरी क्वचितच. बाहेरून मागवताना कस्टम ड्युटी आणि पॅकिंग धरूनच हिशोब करा. विकणाऱ्याला एवढंच सांगा, की पुली हलणार नाही असं बांधा. प्रवासात वाकलेला शाफ्ट सरळ होतो, पण चेपलेली लिथो सरळ होत नाही.

स्वच्छता

घरातल्या सवयी इथे नडतात. चिंच, लिंबू, व्हिनेगर, पितांबरी हे सगळं देवाच्या भांड्यांसाठी आहे. आम्लाने लिथोवरचं वॉर्निश धूसर होतं आणि कथिलाचा मुलामा जातो. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब कापसाच्या काडीवर घ्या, खालच्या बाजूला न दिसणाऱ्या जागी घासून बघा, काडीवर रंग आला नाही तरच पुढे जा. चौरस इंच, दोन चौरस इंच करत जा. शेवटी सिलिका नसलेलं कार वॅक्स पातळ लावा.

जुना रंग कोरड्या पॉलिश पेपरने कधीही घासू नका, त्यात शिसं असतं. घासायचंच असेल तर ओल्या पेपरने, मास्क घालून, आणि लहान मुलं घरात असतील तर बाल्कनीतही नाही. पत्र्याचे मुडपलेले कान उघडावे लागले तर एकदाच उघडा. हे कान दोन-तीनदा वाकले की मुळातून तुटतात, आणि तुटलेल्या कानावर झाळ दिली की वस्तूची किंमत निम्म्यावर येते.

माप घेणं

व्हर्नियर कॅलिपर लागेल, पट्टीने भागणार नाही. शाफ्टचा व्यास खूप काही सांगतो. ३.१८ मिमी म्हणजे १/८ इंच, ३.९७ म्हणजे ५/३२ इंच, ४.०६ म्हणजे ८ गेजची तार, मेकॅनो या जोडणीच्या खेळण्याचा ॲक्सल तोच. बाजारात मिळणाऱ्या ४ मिमी बुशमध्ये (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) ४.०६ जात नाही. मग लोक शाफ्ट घासून घालतात. तसं करू नका, बुशचं भोक वाढवा.

आट्यांच्या बाबतीत याहून जपून राहा. इंग्रजी मालात बीए (ब्रिटिश असोसिएशन या जुन्या मापाचे) आटे असतात: ४ बीए म्हणजे ३.६ मिमी, ६ बीए म्हणजे २.८ मिमी. ६ बीएच्या भोकात एम-३ (३ मिमी मेट्रिक) स्क्रू दोन आटे जातो, मग अडतो. तिथे पाना लावून जोर दिला की मूळ आटा संपला. जुन्या भागात बीए टॅप (भोकात आटे पाडायला) आणि डायच (सळईवर आटे पाडायला) वापरा. प्रतिकृतीत मात्र बिनधास्त एम-३ घ्या, भोक २.५ मिमीचं पाडून टॅप मारा.

पत्र्याच्या भागांसाठी वस्तू फ्लॅटबेड स्कॅनरवर ठेवा, शेजारी स्टीलची पट्टी ठेवा आणि मग स्कॅन करा. प्रिंट काढल्यावर पट्टीवरचे १०० मिमी खरोखर १०० भरतात का ते मोजा. झेरॉक्सवर भरवसा ठेवू नका, टक्का-दोन टक्के फरक सहज पडतो.

घण बनवू

सगळ्यात समाधान देणारी ॲक्सेसरी घणच. आवाज येतो, हालचाल दिसते आणि चूक झाली तर लगेच कळते. खालची मापं कुठल्या एका जुन्या मॉडेलची नाहीत, चालणाऱ्या घणाची आहेत. तुमच्याकडे मूळ वस्तू असेल तर तिची मापं घ्या, प्रमाण मात्र हे ठेवा.

बैठकीला खाद्यतेलाच्या १५ किलोच्या डब्याचा पत्रा घ्या. साधारण ०.३ मिमी जाड, कथिलाचा मुलामा दिलेला, जुन्या खेळण्यांच्या पत्र्याच्या जवळचा. गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने तेल पूर्ण काढा, नाहीतर रंग धरणार नाही. १०० × ६० मिमीचा वरचा भाग आणि चारही बाजूंना ८ मिमीची किनार आखा, कोपरे कापा, अँगलच्या धारेवर ठेवून लाकडी ठोकळ्याने मुडपा. लोखंडी हातोड्याने पत्रा ताणला जातो आणि बैठक डुगडुगते. खाली ६ मिमीचा सागवानाचा तुकडा बसवा. एमडीएफ आपल्या पावसाळ्यात फुगतं.

दांडा पितळी पट्टीचा, ६ × २ मिमी, लांबी ९० मिमी. टेकूचं भोक घणाच्या टोकापासून ६० आणि शेपटीपासून ३० मिमीवर. घणाचं डोकं १२ मिमी पितळी सळईचा १५ मिमी तुकडा. तो सुमारे १४ ग्रॅम भरतो. कॅम (दात असलेली फिरती चकती) शेपटी जवळपास ५ मिमी खाली दाबतो, डोकं जवळपास १० मिमी उचललं जातं.

कॅम ३ मिमी पितळेचा: मुख्य वर्तुळाची त्रिज्या ६ मिमी, समोरासमोर दोन दात ११ मिमी त्रिज्येपर्यंत. दाताची चढण सावकाश, उतरण जवळजवळ सरळ. हा लेथवर होत नाही. आखून घ्या, करवतीने ढोबळ कापा, मग कानशीने आणा. शेपटीला लागणारी धार ६०० नंबरच्या पेपरने गुळगुळीत करा.

इंजिन मिनिटाला १२०० फेरे देत असेल आणि पट्टा थेट १५ वरून ६० मिमीच्या पुलीवर घेतला, तर कॅम ३०० फेरे मारतो, म्हणजे दोन दातांनी ६०० ठोके. एका ठोक्याला ०.१ सेकंद. घण १० मिमी पडायला जवळपास ०.०५ सेकंद घेतो. तो ऐरणीवर पोचण्याआधीच पुढचा दात त्याला उचलायला लागतो, घण हवेतच थरथरतो आणि ठोका बसत नाही. मधे एक शाफ्ट घ्या आणि दुसरी घट १५ वरून ४५ करा. कॅम १०० फेऱ्यांवर येतो, २०० ठोके पडतात, प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो. पुलीचा व्यास म्हणजे पट्टा जिथे बसतो तिथला व्यास. बाहेरची कड मोजली तर गणित चुकतं.

आता खरी गोष्ट. हा घण मिनिटाला २०० वेळा उचलायला ५-६ मिलिवॉट पुरतात. इंजिनाकडे त्याहून कितीतरी जास्त शक्ती असते. तरीही घण लावला की इंजिन गचके देत थांबतं, कारण शक्ती घणात नाही, बुशमध्ये जाते. शाफ्ट आणि बुशमध्ये ०.०३ ते ०.०५ मिमी सैलपणा हवा. दोन बुश एका रेषेत हवेत. त्यासाठी दोन्ही आधार एकत्र धरून एकाच वेळी भोक पाडा, रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं अवजार) फिरवा, मग वेगळे करा. वेगवेगळं आखून पाडलेली भोकं कधीच जुळत नाहीत.

जुळली की नाही ते असं तपासा. ३० मिमीच्या पुलीवर दोरा दोन वेढे गुंडाळा आणि टोकाला रुपयाचं नाणं लटकवा. नवं नाणं ३ ते ४ ग्रॅम भरतं. पट्टा न लावलेला शाफ्ट एका नाण्याने फिरायला लागला तर उत्तम. तीन नाण्यांनीही हलत नसेल तर बुश अडतोय किंवा शाफ्ट वाकलाय. तेल ओतून प्रश्न सुटत नाही, सोडवून परत बसवा.

जुळणीच्या वेळी एक बारकावा: घण ऐरणीवर टेकलेला असताना शेपटी आणि कॅमच्या मुख्य वर्तुळात अर्धा मिमी फट हवी. फट नसेल तर घण ऐरणीऐवजी कॅमवर आपटतो आणि आवाज बसका येतो. फिरण्याची दिशाही बघा. दाताची सरळ बाजू शेपटीला आधी लागली तर कॅम अडकून बसतो. अशा वेळी पट्टा आठच्या आकड्यासारखा फिरवून लावला की दिशा उलटते.

पुल्या आणि पट्टा

लेथवाल्याकडे एक पुली घेऊन गेलात तर तो नाही म्हणेल, आणि त्याचं बरोबरही आहे. सेटिंगला लागणारा वेळ एका पुलीला आणि बारा पुल्यांना सारखाच. तीन मापांच्या डझनभर पुल्या एकदम काढून घ्या. कागदावर बाहेरचा व्यास, खाचेचा व्यास, खाचेचा कोन ६० अंश, शाफ्टचं भोक, ग्रब स्क्रू (पुली शाफ्टवर आवळणारा बिनडोक्याचा स्क्रू) एम-३ हे सगळं लिहून द्या. साहित्य फ्री कटिंग (लेथवर सहज कापलं जाणारं) पितळ सांगा, आयएस ३१९ या भारतीय मानकाचं. साधं पितळ लेथवर ओढलं जातं आणि खाच खरखरीत होते.

पट्ट्याची लांबी: दोन शाफ्टमधलं अंतर दुप्पट करा, त्यात दोन्ही व्यासांच्या बेरजेची १.५७ पट मिळवा, मग व्यासांच्या फरकाच्या वर्गाला अंतराच्या चौपटीने भागून तेही मिळवा. अंतर १५०, पुल्या ६० आणि १५ असतील तर ३०० अधिक ११८ अधिक ३, म्हणजे ४२१ मिमी. स्प्रिंगचा पट्टा यापेक्षा ५ टक्के आखूड, ४०० मिमी कापा. स्प्रिंग २.५ ते ३ मिमी बाहेरच्या व्यासाची, ०.३ मिमी तारेची, वेढे एकमेकांना चिकटलेले. पडद्याची प्लॅस्टिक चढवलेली स्प्रिंग फार ताठ असते, ती बुशवर ओढ आणते. जोडताना एका टोकाचे शेवटचे चार वेढे पक्कडीने निमुळते करा, ते टोक उलट दिशेने पाच-सहा पीळ देऊन धरा, दुसऱ्या टोकात घाला आणि सोडा. पीळ उलगडताना ते स्वतःच आत आटत जातं.

रबराचा पट्टा हवाच असेल तर नायट्रिलची (तेलाला टिकणाऱ्या रबराची) २ मिमी दोरी. साधं रबर तेलाने फुगतं.

ओतीव भाग

सहाणीचा किंवा प्रेसचा सांगाडा तुटला असेल तर जस्ताच्या ओतकामावर झाळ देऊ नका. हा धातू ३८० अंशांच्या आसपास वितळतो, खयाने (झाळ द्यायच्या तापत्या अवजाराने) तापवला तर एका क्षणात थेंब होऊन पडतो. दोन भागांचं इपॉक्सी वापरा, आत १ मिमी स्टीलची खुंटी घालून.

भाग हरवलाच असेल तर तो थ्रीडी प्रिंट करून घ्या, पण पीएलए या नेहमीच्या प्रिंटिंग प्लॅस्टिकमध्ये नाही. पीएलए ६० अंशांला मऊ पडतं, बॉयलरशेजारी ते टिकणार नाही. ओतकामाच्या रेझिनमध्ये प्रिंट काढा आणि झवेरी बाजारातल्या दागिने ओतणाऱ्यांकडून पितळेत ओतून घ्या. पितळ आवळतं म्हणून प्रिंट २ टक्के मोठी ठेवा आणि भोकं भरीव ठेवून नंतर पाडा. जिथे पृष्ठभाग सपाट हवा तिथे अर्धा मिमी जास्त माल सोडा.

आणि प्रत्येक नव्या भागाच्या आतल्या बाजूला पंचने वर्ष आणि ‘प्रतिकृती’ असं ठोका. रंगाखाली लपणार नाही इतकं खोल. आज तुम्हाला माहीत आहे कुठला भाग नवा आहे. वीस वर्षांनी ती वस्तू दुसऱ्याच्या हातात असेल, आणि त्याला फसवलं जाता कामा नये.

चालवणं आणि ठेवणं

पहिली चाचणी वाफेवर करू नका. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून १२ व्होल्टची १००० फेऱ्यांच्या आसपासची मोटर आणि वेग कमी-जास्त करायचा कंट्रोलर आणा आणि अर्धा तास चालवा. बुशमधून काळं तेल येईल, ते पुसा, शिवणयंत्राच्या तेलाचा नवा थेंब द्या. तेल काळं यायचं थांबलं की मग इंजिन पेटवा. बॉयलर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह हा वेगळा विषय आहे, तिथे घरगुती प्रयोग नकोत.

जूनच्या पहिल्या आठवड्याआधी सगळे पट्टे उतरवा. रबर पितळावर काळा डाग सोडतं, ताणलेली स्प्रिंग सैल पडते. स्टीलच्या शाफ्टवर तेलाचा हात फिरवा, वस्तू आम्लविरहित कागदात गुंडाळा आणि रबरी कड असलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. बबल रॅप नको, त्याचे गोल डाग रंगावर कायमचे उमटतात. डब्यात सिलिका जेलची ५० ग्रॅमची पिशवी आणि छोटा हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजणारा) टाका. जुलैत ठाण्याची हवा ८०-९० टक्के दमट असते. डब्यातला आकडा ५०च्या खाली राहिला पाहिजे. वर चढला तर जेल ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून परत ठेवा. डबा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, आतल्या भिंतीजवळच्या फळीवर ठेवा.