सिगटर्म हाताळताना या चुका टाळा

सिगटर्म म्हणजे प्रोग्रामला ‘आवरून बंद हो’ असे सांगणारा सिग्नल, आणि तो आल्यावर चालणारा कोड म्हणजे हँडलर. असिंक (एकाच वेळी अनेक कामे पुढे नेणारा) प्रोग्राम नीट बंद होत नाही अशी तक्रार आली की बहुतेक जण थेट हँडलरच्या कोडमध्ये शिरतात. मी आधी एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्राम संपताना मागे राहणारा आकडा, पाहतो. तो १३७ असेल, म्हणजे १२८ अधिक ९, तर प्रोसेस सिगकिलने, म्हणजे आवरायला वेळच न देणाऱ्या ९ क्रमांकाच्या सिग्नलने, मारली गेलेली असते. आणि मेमरी संपल्यामुळे तसे झाले नसेल, तर सिगटर्म प्रोग्रामपर्यंत पोहोचला तरी होता का, हे तपासायला हवे.

एका टीमच्या सेवेत प्रत्येक डिप्लॉयमेंटच्या वेळी क्यूमधल्या (कामांच्या रांगेतल्या) काही मेसेजवर दोनदा काम होत असे. त्यांनी आवराआवरीचा कोड पुन्हा पुन्हा लिहिला, पण दोष डॉकरफाइलमध्ये, म्हणजे प्रोग्रामचा कंटेनर कसा बनवायचा ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, होता. तिथली सीएमडीची (प्रोग्राम सुरू करणारी) ओळ ॲरेऐवजी साध्या मजकुरात लिहिलेली असल्यामुळे पीआयडी १ वर, म्हणजे कंटेनरमधल्या पहिल्या प्रोसेसच्या जागी, प्रोग्रामऐवजी शेल (कमांड चालवणारा दुवा) बसले होते. सिगटर्म त्या शेलला मिळे, शेल तो प्रोग्रामकडे पाठवत नसे आणि १० सेकंद वाट पाहून डॉकर सगळेच मारून टाकत असे. अर्धवट राहिलेल्या कामाची पोच न गेल्याने क्यू तोच मेसेज पुन्हा देत असे. ओळ ॲरेच्या रूपात लिहिताच हँडलर पहिल्यांदा चालला. मी हँडलरमध्ये पहिली ओळ लॉगचीच लिहितो, ती याचसाठी.

दुसरी चूक घाईतून होते. टास्क रद्द करताना लॉगमध्ये एरर दिसू नये म्हणून नवशिके लूपमध्ये कोरा एक्सेप्ट (कुठलाही एरर पकडणारी ओळ) टाकतात. पायथनमध्ये ३.८ पासून कॅन्सल्डएरर (टास्क रद्द करताना येणारा एरर) हा एक्सेप्शनचा नव्हे, तर बेसएक्सेप्शनचा उपवर्ग आहे, तो नेमका अशा सरसकट पकडीतून वाचावा म्हणून. कोरा एक्सेप्ट मात्र त्यालाही गिळतो आणि टास्क पुढचा फेरा सुरू करते. आवराआवर फायनलीमध्ये (काहीही झाले तरी चालणाऱ्या भागात) करावी, आणि एरर पकडलाच तर पुन्हा रेझ करावा, म्हणजे पुढे जाऊ द्यावा. हँडलरमधूनच थेट एक्झिट करण्याची पळवाट मला मुळीच मान्य नाही, कारण तिच्यात हातातले काम पूर्ण होण्याची वाट कोणी पाहत नाही.

केवळ कंट्रोल-सी दाबून चाचणी करू नका. त्यातून सिगइंट जातो, सिगटर्म नव्हे.

डेटाबेसची कनेक्शन सर्वांत शेवटी बंद करा. आधी नवे काम घेणे थांबवा, मग चालू काम संपू द्या.

कुबरनेटिसची (कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेची) बंद होण्यासाठीची मूळ मुदत ३० सेकंदांची असते आणि प्रीस्टॉप हुकचा (सिगटर्मआधी चालणाऱ्या कमांडचा) वेळही तिच्यातच मोजला जातो, म्हणून आपल्या आवराआवरीची मर्यादा मी नेहमी त्याहून काही सेकंद कमी ठेवतो.