शिडाच्या होडीला मोठं इंजिन बसवताय? आधी या चुका टाळा

समोरून वारा, ओहोटीची उलटी ओढ, इंजिन पूर्ण जोरात आणि तरीही किनारा जवळ यायला तयार नाही. असा एक दिवस काढला की ६ एचपीचं काढून १५ एचपीचं बसवावं, असं कुणालाही वाटेल. होडीच्या पुस्तिकेतला कमाल एचपीचा आकडा मग नुसती सावधगिरी वाटू लागतो. पण त्या आकड्यामागे बुडाचा आकार, मागच्या फळीची ताकद आणि वजनाचा तोल या तिन्हींचा हिशेब असतो.

एचपी वाढली की वेग वाढेल, हा समज

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. स्पीडबोट वेग घेतला की पाण्यावर उचलली जाते. कीलवाली (बुडाखाली जड कणा असलेली) जड शिडाची होडी पाणी बाजूला सारत चालते आणि पुढे-मागे लाट उठवते. वेग वाढतो तशी ही लाट लांब होते. एक शिखर नाळेपाशी (होडीच्या पुढच्या टोकाशी) आणि दुसरं थेट मागच्या टोकाशी आलं की होडी स्वतःच्याच लाटेच्या खळग्यात अडकते. पाणरेषेच्या (होडी पाण्याला टेकते त्या भागाच्या) लांबीचं फुटांतलं वर्गमूळ काढून त्याला १.३४ ने गुणलं की ही वेगमर्यादा नॉटमध्ये मिळते. पाणरेषा २० फूट असेल, तर सुमारे ६ नॉट, म्हणजे ताशी ११ किलोमीटर.

लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. ५ नॉटला ४ एचपी लागत असतील, तर ६ नॉटला ७ च्या आसपास; वेगमर्यादेजवळ तर याहूनही जास्त. त्यापुढची शक्ती लाट उंच करण्यात आणि डिझेल-पेट्रोल जाळण्यात जाते.

मोठं इंजिन लावलेल्या एका होडीवर मी हे उभ्याउभ्या पाहिलं आहे. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर नाळ वर गेली, मागचा भाग बसला आणि कॉकपिटमधलं पाणी बाहेर जायची भोकं पाण्याखाली गेली. त्यांतून पाणी उलटं आत येऊ लागलं, दोन मिनिटांत पाय घोट्यापर्यंत बुडाले. थ्रॉटल कमी करताच ते आपोआप निघून गेलं. पण त्याच वेळी मागून मोठी लाट आली असती तर?

वजन न मोजणं

६ एचपीचं चार-स्ट्रोक आउटबोर्ड (मागच्या फळीवर बाहेरून लावायचं इंजिन) साधारण २५ ते २७ किलोचं असतं. दोन सिलिंडरचं ९.९ किंवा १५ एचपीचं ४० किलोच्या आसपास किंवा पुढे जातं. हे वजन अगदी टोकाला, फळीच्याही बाहेर लटकतं. इंजिन अडकवायच्या ब्रॅकेटवर लिहिलेली वजनाची आणि एचपीची मर्यादा वाचा. फळीला आतून पाठीमागे जाड प्लेट आहे का, बोल्टभोवती बारीक तडे आहेत का, तेही पाहा. इंजिनाचा ढकलण्याचा जोर हीच फळी झेलते.

पंखा न तपासता इंजिनाला दोष देणं

माझ्या मते बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच सापडतं. वेगवान बोटीसाठीचा जास्त पिचचा (एका फेऱ्यात जास्त अंतर कापणारा) पंखा जड होडीवर असेल, तर इंजिन पूर्ण थ्रॉटललाही ठरलेल्या आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेऱ्यांपर्यंत) पोचत नाही. बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटले असतील, तरी हेच होतं. उलट, आरपीएम भराभर चढतात पण होडी सरकत नाही, तेव्हा पंखा हवा ओढत असतो.

आउटबोर्डच्या शाफ्टची (इंजिनापासून पंख्यापर्यंत खाली जाणाऱ्या दांड्याची) लांबी १५, २० किंवा २५ इंच असते. आखूड शाफ्ट असलेल्या होडीवर कुणी नांगर सोडायला पुढे गेलं की मागचा भाग उचलला जातो आणि पंखा पाण्याबाहेर येऊन इंजिन किंचाळतं. १५ एचपीचं आखूड शाफ्टचं इंजिनही तिथे तसंच किंचाळेल. लांब शाफ्ट, मोठ्या व्यासाचा कमी पिचचा पंखा आणि जास्त गिअर रिडक्शन (पंखा इंजिनापेक्षा हळू फिरवणारी गिअरची रचना) असलेलं हाय-थ्रस्ट मॉडेल एचपीच्या मर्यादेच्या आतच मिळत असेल, तर आधी तेच घ्या.

आतलं डिझेल इंजिन बदलताना

इथे फक्त इंजिन बदलून भागत नाही. शाफ्ट, कपलिंग, बेअरिंग, एक्झॉस्टचा पाइप, इंजिन थंड करणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह आणि इंजिनाचा पाया, सगळंच नव्या जोराला पुरेल का हे पाहावं लागतं. पंख्याचं टोक आणि बूड यांत व्यासाच्या १० ते १५ टक्के मोकळी जागा लागते. मोठा पंखा तिथे मावतच नाही. शिवाय मोठं डिझेल कायम हलक्या भारावर चालवलं की कार्बन साचतो, सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होतात आणि इंजिन तेल खाऊ लागतं.

एचपीची मर्यादा ओलांडायचीच असेल, तर आधी होडी बनवणाऱ्याकडून लेखी उत्तर आणा आणि विमा कंपनीला कळवा. आणि त्याहीआधी एक शांत दिवस गाठा: बूड घासून घ्या, नेहमीचं सामान आणि माणसं घेऊन निघा, टॅकोमीटर (फेऱ्या मोजणारं यंत्र) लावून पूर्ण थ्रॉटलचा आरपीएम आणि जीपीएसवरचा वेग दोन्ही दिशांना लिहून घ्या. दोन्ही वेगांची सरासरी वर्गमुळाच्या हिशेबाजवळ येत असेल, तर तुमच्या इंजिनाची ताकद पुरेशी आहे.