विंडोजच्या इन्स्टॉलेशन डिस्कमध्ये अपडेट घालताय? या चुका टाळा

विंडोज टाकायला अर्धा तास पुरतो, अपडेट उतरायला मात्र दिवस मोडतो. तोवर मशीन उघडंच. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर वर्म (नेटवरून आपोआप पसरणारा व्हायरस) फिरत होता तेव्हा कोरं एक्सपी नेटला जोडलं, की पॅच उतरायच्या आत ६० सेकंदांची उलटी मोजणी स्क्रीनवर यायची आणि मशीन रीस्टार्ट व्हायचं. पॅच आधीच सीडीत घालून ठेवायची सवय आम्हाला तेव्हाची. आता सीडीच्या जागी पेनड्राइव्ह आलाय आणि काम डिझम, म्हणजे विंडोजमधलंच कमांडने चालणारं टूल, करतं.

सगळ्यात फसवी चूक इंडेक्सची, म्हणजे आवृत्तीच्या क्रमांकाची. इन्स्टॉलेशन डिस्कमधली इन्स्टॉल.विम दिसते एक फाइल, पण तिच्या पोटात होम, प्रो, एज्युकेशन अशा अनेक आवृत्त्या असतात आणि अपडेट फक्त माउंट केलेल्या, म्हणजे बदलासाठी एका फोल्डरमध्ये उघडलेल्या, आवृत्तीला लागतं. मी एकदा तासभर खपून इंडेक्स १ ला, म्हणजे होमला, अपडेट लावलं. गिऱ्हाइकाला टाकलं प्रो, जे इंडेक्स ६ वर होतं. एरर कुठेच नाही. शेवटी विनव्हर (विंडोजची आवृत्ती दाखवणारी कमांड) चालवलं तर बिल्ड, म्हणजे आवृत्तीचा नेमका आकडा, जुनाच! आता आधी डिझमच्या गेट-विमइन्फो कमांडने आवृत्त्यांची यादी काढतो, नको त्या आवृत्त्या उडवतो आणि काम झाल्यावर त्याच कमांडला इंडेक्स देऊन बिल्डचा आकडा बदललाय का ते बघतो.

माउंटच होत नसेल तर दोन गोष्टी बघा. आयएसओमधून (डिस्कची एका फाइलमधली प्रत) कॉपी केलेली फाइल रीड-ओन्ली राहिली असेल, किंवा ती विम नसून इएसडी (जास्त दाबून लहान केलेला प्रकार) असेल. इएसडी आधी विममध्ये एक्सपोर्ट करावी लागते.

मग क्रम. विंडोज ७ मध्ये २०१६ चा मोठा रोलअप (अनेक अपडेटचा एकत्र गठ्ठा) घालायचा तर आधी एप्रिल २०१५ चं सर्व्हिसिंग स्टॅक (अपडेट बसवणारा विंडोजचा भाग) अपडेट लागतं. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीला चेकपॉइंट, म्हणजे पुढची अपडेट ज्यांच्यावर बेतलेली असतात अशी टप्प्याची अपडेट, असतात: चेकपॉइंटची आणि ताज्या अपडेटची एमएसयू फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवा, डिझमला फक्त ताजी दाखवा. बाकीचं ते शोधून घेतं.

अनमाउंट करताना माउंटचं फोल्डर कुठल्याही खिडकीत उघडं नको, नाहीतर काम अर्धवट अडकतं. आणि कमिटऐवजी (बदल जपणं) डिस्कार्ड (बदल टाकून देणं) लिहिलंत तर सगळी मेहनत पाण्यात.

इन्स्टॉल.विम फाइल ४ जीबीच्या वर गेली तर फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह ती घेत नाही. डिझमच्या स्प्लिट-इमेज कमांडने ३८०० एमबीचे तुकडे करा.

जुनी पेनड्राइव्ह खणात पडली असेल तर एकदा तपासा. ८ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२४ मधली सुरक्षा अपडेट घालून बनवलेल्या २४एच२ च्या डिस्कवरून टाकलेलं विंडोज पुढची सुरक्षा अपडेट घ्यायला नकार देऊ शकतं, असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं होतं. तशी असेल तर ती पुसा आणि १० डिसेंबर २०२४ किंवा त्यानंतरचं अपडेट घालून नवी बनवा.