पक्ष्यांसाठी अंगणात पाणी ठेवताना या चुका टाळा

विदर्भात मार्च सरता सरता नाले आटतात, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की पाखरांना पाण्यासाठी गावाचाच आसरा उरतो. पक्ष्यांना घाम येत नाही. चोच उघडी ठेवून, धापा टाकून ते शरीरातील उष्णता बाहेर टाकतात आणि त्यात अंगातले पाणी झपाट्याने खर्ची पडते. अंगणात पाणी ठेवणारी घरे म्हणूनच महत्त्वाची आहेत. मात्र भांडे किंवा जागा चुकली, तर तेच पाणी त्यांच्या जिवावर उठते.

पहिली चूक खोलीची. आमच्या घरी सुरुवातीला लोखंडी घमेले काठोकाठ भरून ठेवले जात असे. एका सकाळी त्यात बुलबुलाचे नुकतेच उडू लागलेले पिल्लू बुडून मेलेले आढळले, आणि ती हळहळ अजून गेलेली नाही. साळुंकी, बुलबुल, सातभाई हे पक्षी तळाला पाय टेकवून आंघोळ करतात. त्यामुळे पाणी काठाशी बोटभर आणि मध्यभागी फार तर दोन इंच असावे. भांडे खोलच असेल, तर मध्ये पाण्याबाहेर डोकावणारा खडबडीत दगड ठेवावा. गुरांच्या हौदातही एक जाड फांदी तिरपी टाकून ठेवावी, म्हणजे आत पडलेली खार किंवा पाखरू तिच्यावरून वर येऊ शकते.

भांडे कुंभाराकडचे, पसरट आणि मातीचेच घ्यावे. त्याच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरते, बाहेरच्या अंगाने त्याची वाफ होते आणि आतले पाणी थंड राहते. शोभेसाठी ऑइल पेंट दिला की ही छिद्रे बुजतात आणि मातीचा उपयोगच संपतो. स्टीलचे किंवा ॲल्युमिनियमचे भांडे उन्हात चटका बसण्याइतके तापते.

सर्वांत गंभीर चूक म्हणजे कपाशीवरच्या फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कापून, धुऊन पाण्यासाठी वापरणे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. जे विष धडधाकट माणसाला सोसत नाही, त्याचा प्लास्टिकला चिकटून राहिलेला अंश चिमणीएवढ्या जिवाला किती घातक ठरेल, याचा विचार करावा. असा डबा कितीही घासला, तरी वापरू नये. फवारणीचा पंप आणि पक्ष्यांचे भांडे एकाच ठिकाणी धुऊ नये.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे जुन्याच पाण्यात नवे पाणी ओतत राहणे. पाण्याची वाफ होते, पण क्षार भांड्यातच उरतात. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात तर बोअरचे पाणी मुळातच खारे असते; ते दिवसेंदिवस आटत गेले, की अधिकच खारट होते. काठावर पांढरा थर दिसू लागला, तर ही चूक घडते आहे असे समजावे. रोज सकाळी जुने पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतून ताजे भरावे, आणि शक्य असेल तर ते पिण्याच्या नळाचे असावे. पाण्यात मीठ, साखर किंवा औषधी चूर्ण घालू नये.

पाणी हिरवट किंवा बुळबुळीत झाले, तर भांडे नारळाच्या काथ्याने घासावे, साबण टाळावा. डेंग्यू पसरवणारा डास पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी अनेक महिने टिकतात, म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही, भिंतही घासावी लागते. होल्यांमध्ये आणि कबुतरांमध्ये घशाचा एक रोग सामायिक पाण्यातून पसरतो. एखादा पक्षी पिसे फुगवून भांड्यापाशी सुस्त बसलेला दिसला, तर काही दिवस भांडे उचलून, धुऊन कडक उन्हात वाळवावे.

भांडे कडुनिंबाच्या सावलीत ठेवावे, पण झुडपाला खेटून नव्हे, कारण तिथे मांजर दबा धरून बसते. सहा-सात फूट मोकळी जागा सोडावी. इतके करूनही पक्षी आले नाहीत, तर जागा बदलत राहू नये. वर छोटे मडके टांगून, त्याच्या तळाच्या बारीक छिद्रात सुती वात घालून थेंब पडू द्यावेत. हलणारे पाणी पक्ष्यांच्या लवकर नजरेस पडते. मधमाश्या आल्या, तर त्यांना हाकलू नये. त्यांना बसता यावे म्हणून काठाशी बारीक खडे टाकावेत.

पाऊस नीट लागला, की भांडे घासून पालथे घालावे आणि पावसाने मोठा खंड दिला, तर पुन्हा त्याच जागी भरून ठेवावे.