गंजलेला पावभाजीचा तवा पुन्हा वापरात आणताना या चुका टाळा

पावसाळ्यात महिना-दीड महिना बंद ठेवलेली खाऊगाडी उघडली, की नाशिककरांची पहिली तक्रार ठरलेली असते: तवा नीट झाकून ठेवला होता, तरीही गंजला. खरे तर तो झाकल्यामुळेच गंजला. प्लास्टिक घट्ट बांधल्याने आतली दमट हवा बाहेर पडत नाही आणि रात्री लोखंड गार पडले, की त्याच हवेतले पाणी तव्यावर साचते. तव्यावर तेलाचा पातळ हात फिरवून वर सुती कापड किंवा गोणपाट टाकावे आणि ताडपत्री पावसाचे पाणी अडेल पण वारा खेळेल अशी, थोडी उंचावर बांधावी.

तवा घासायला घेण्यापूर्वी तो एकदा पांढऱ्या कापडाने पुसून पाहावा. कापडावर तांबूस-नारिंगी डाग आला तर तो गंज असतो, काळा डाग आला तर जळालेल्या तेलाची काजळी असते. अनेक जण काजळीलाच गंज समजून चांगला बसलेला काळा थर खरवडून काढतात, आणि मग उघड्या पडलेल्या लोखंडावर दोन दिवसांत खरा गंज चढतो. पुसण्याने निघणारी सुटी काजळी काढावी. घट्ट बसलेला गुळगुळीत काळेपणा हे तव्याचे कवच आहे, त्याला हात लावू नये. गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या पुरात, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गळ्यापर्यंत पाणी चढते तशा वेळी, सापडलेला तवा असेल तर आधी गरम पाणी आणि साबणाने गाळ पूर्ण धुवावा, कारण गाळातली वाळू घासताना लोखंडावर चरे पाडते.

गाडीवरची प्लेट १०-१२ मिलिमीटर जाड असेल, तर वरवरच्या गंजाने ती बाद होत नाही. तिचे नुकसान होते ते बहुधा घाईने ग्राइंडर चालवल्यामुळे. चाक एका जागी क्षणभर जास्त टेकले तरी तिथे खळगा पडतो, त्यात कायम तेल साचते आणि डोसा पसरताना पीठही तिथेच अडते. त्याऐवजी तवा कोमट करून त्यावर थोडे तेल सोडावे, रुंद खरवडणीने सुटा गंज काढावा आणि मग ८० नंबरचा व शेवटी १२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून एकाच दिशेने फिरवावा. तारेचा ब्रश वापरलाच तर नंतर तवा दोनदा पुसावा. तुटलेली तार पदार्थात जाऊ शकते. स्टीलच्या किंवा क्रोमचा मुलामा दिलेल्या प्लेटवर मात्र यातले काहीही करू नये.

हट्टी डागांवर व्हिनेगर चालते, पण समप्रमाणात पाणी मिसळून आणि एका वेळी अर्धा तासच. एकदा मी आळसाने व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके रात्रभर तव्यावर ठेवले. सकाळी गंज गेला होता, पण त्या जागी लोखंड खडबडीत झाले होते आणि ते सरळ करायला पूर्ण दुपार गेली. संडास साफ करायचे ॲसिड तर खाण्याच्या भांड्याजवळही आणू नये. त्यात ब्लीचिंग पावडर मिसळली तर क्लोरीन हा विषारी वायू सुटतो.

सर्वांत जास्त तवे बिघडतात ते यापुढच्या टप्प्यावर, म्हणजे वाळवण्यात आणि तेल लावण्यात. धुतलेला तवा फडक्याने पुसून ‘वाळला’ असे मानू नये. उघडे लोखंड ओले राहिले तर पाहता पाहता पुन्हा तांबूस होते, म्हणून धुतल्याबरोबर तो गॅसवर चढवून सगळी वाफ निघून जाईपर्यंत तापवावा. मग आच मंद करून शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे रिफाइंड तेल कापडाने लावावे, आणि चुकून लावले होते असे समजून तेवढ्याच निगुतीने पुसून काढावे. जो ओशटपणा उरतो तेवढाच हवा असतो. आता आच वाढवून धूर येऊन थांबेपर्यंत थांबावे. या उष्णतेत तेल नुसते सुकत नाही, तर त्याचे रेणू एकमेकांत गुंफून लोखंडावर कडक थर तयार होतो. असे चार-पाच हात द्यावे लागतात. एकाच वेळी भरपूर तेल ओतून काम उरकणाऱ्याच्या हाती चिकट, गुळासारखा थर येतो.

असा चिकटपणा आलाच तर अधिक तेल न लावता तवा आणखी तापवून पाहावा. तरीही तो राहिला तर तेवढाच भाग खरवडून पुन्हा सुरुवात करावी. थराचे पापुद्रे निघत असतील तर खाली गंज किंवा काजळी राहिली आहे. कडा तपकिरी आणि मधला भाग काळा, हा तव्याचा दोष नसून बर्नरची आच कोपऱ्यांपर्यंत पोहोचत नसल्याची खूण आहे. पत्र्याने वारा अडवून कडांना जास्त वेळ द्यावा.

तयार तव्यावर पहिल्याच दिवशी भाजी करू नये. टोमॅटो आणि लिंबाचा आंबटपणा कोवळा थर खातो, म्हणून सुरुवातीचे दोन-तीन दिवस कांदा परतावा, पाव भाजावेत, तेलाचे पदार्थ करावेत. रात्री गाडी बंद करताना तापलेल्या तव्यावर गार पाण्याची बादली ओतण्याची सवयही सोडावी. त्या धक्क्याने लोखंडी प्लेट वाकते आणि बिडाचा तवा तडकू शकतो. पाणी थोडे आणि गरम वापरावे, उलथन्याने खरवड काढून तवा लगेच कोरडा करावा आणि गॅस बंद करण्यापूर्वी, तो अजून गरम असतानाच, तेलाचे फडके फिरवावे.