चिंबोरीच्या लिपिड्सवर काम करणार असाल तर आधी लाख (मादीचं भरलेलं अंडाशय) ओळखायला शिका

एमएस्सीला मी चिंबोरी घेतली होती, म्हणजे आपली खाडीतली कुर्ली, स्कायला सेराटा. तळ्यात वाढवलेल्या माद्या आणि खाडीत पकडलेल्या माद्या, दोघींच्या लिपिड्समध्ये, म्हणजे शरीरातल्या फॅटमध्ये, काय फरक पडतो हे बघायचं होतं. यंदा दोघातिघांनी या विषयाबद्दल विचारलं म्हणून लिहितोय.

माझी पहिली बॅच पूर्ण वाया गेली. तळ्यातल्या माद्यांच्या हेपॅटोपॅन्क्रियाजमध्ये फॅट भरपूर निघालं, खाडीतल्यांच्यात कमी, मी लगेच लिहून मोकळा की तळ्यातल्या जास्त सुदृढ. सरांनी एकच विचारलं, अंडाशय कुठल्या स्टेजला होतं? नोंदच नव्हती. हेपॅटोपॅन्क्रियाज म्हणजे चिंबोरीचं फॅटचं कोठार, मादी तयार व्हायला लागली की तिथलं फॅट रक्तातून अंडाशयाकडे जातं, म्हणजे कोठार रिकामं होतं आणि लाख भरते. माझ्या खाडीतल्या माद्या लाखेने भरलेल्या होत्या, तळ्यातल्या अजून कच्च्या, मग तुलना कसली करणार! म्हणून एकाच स्टेजच्या माद्या घ्या, प्रत्येकीचं अंडाशयाचं वजन भागिले शरीराचं वजन गुणिले 100, हा जीएसआय (अंडाशय किती भरलंय ते सांगणारा आकडा) आधी लिहा, बाकी सगळं नंतर.

स्टेज बघायला मला बाजारातल्या एका मावशींनी शिकवलं. पाठीचं कवच संपतं आणि पोटाखालची झडप सुरू होते तिथे अंगठ्याने हलकं दाबायचं, फटीतून आतला रंग दिसतो, कच्ची असेल तर पांढुरकं, मग पिवळं, आणि पूर्ण भरली की गडद केशरी. कोवळ्या मादीची झडप त्रिकोणी असते, वयात आलेलीची रुंद, गोलसर.

लॅबमध्ये घाई करावी लागते. चिंबोरी मेली की हेपॅटोपॅन्क्रियाजमधले एन्झाइम्स स्वतःचंच फॅट तोडायला लागतात, त्यामुळे जिवंत आणा, बर्फावर बधिर करा, कापल्याबरोबर तुकडे लिक्विड नायट्रोजनमध्ये टाका आणि उणे 80 अंश सेल्सिअसला ठेवा. मी एकदा सॅम्पल साध्या फ्रीजरमध्ये महिनाभर ठेवले आणि डीएचए, ईपीए ही ओमेगा-3 फॅटी अॅसिड्स ऑक्सिडाइझ होऊन गेली, फार वाईट वाटलं तेव्हा. क्लोरोफॉर्म-मिथेनॉल 2:1 ने फॅट काढताना थोडं बीएचटी (फॅट ऑक्सिडाइझ होऊ न देणारं रसायन) घाला, आणि फ्यूम हूडशिवाय (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाशिवाय) क्लोरोफॉर्मची बाटली उघडूच नका.

एकूण फॅटच्या आकड्यावर थांबू नका, फॉस्फोलिपिड किती, कोलेस्टेरॉल किती, अॅराकिडोनिक अॅसिड (एक ओमेगा-6 फॅटी अॅसिड) किती हे वेगवेगळं काढा. कोलेस्टेरॉल चिंबोरीला स्वतः बनवता येत नाही, खाण्यातूनच मिळायला हवं. खाडीत ती शिंपले, कालवं, छोटे खेकडे असं मिळेल ते फोडून खाते, तळ्यात रोज तोच स्वस्त मासा, त्यामुळे खाद्याची नोंद नसेल तर तळ्यातली मादी सॅम्पल म्हणून घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि पोटाखाली अंड्यांचा गुच्छ धरलेली मादी जाळ्यात आली तर ती या कामाची नाही, तिची लाख बाहेर पडलेली असते. तिला तिथेच पाण्यात सोडा, लाखो अंडी असतात त्या गुच्छात.